कार्डावरचे आधुनिक चित्र

चित्राचे छापील पोस्टकार्ड विकत घेणारा नेमके काय घेतो, याचे उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांत काही वेळा बदलले. आधी तो चित्रातला विषय घेत होता, मग मूळ चित्राची आठवण घेऊ लागला आणि पुढे मूळ चित्राऐवजी चालेल असे काहीतरी. आधुनिक चित्रकलेने हे तिसरे उत्तर अडचणीत आणले, पण सगळीकडे सारखे नाही.

पोस्टकार्ड १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत निघाले. हिंदुस्थानात ते १ जुलै १८७९ पासून पाव आण्याला मिळू लागले. एक बाजू पत्त्याची, दुसरी मजकुराची. चित्र छापलेच तर मजकूर त्याच्या कडेच्या पांढऱ्या जागेत कोंबावा लागे. ब्रिटनने १९०२ मध्ये पत्त्याच्या बाजूवर उभी रेघ मारून डावा भाग मजकुराला दिला, आणि चित्राला अख्खी बाजू मोकळी झाली. चित्रकार्डांच्या धंद्याला हा टपालखात्याचा किरकोळ नियम कोणत्याही कलाचळवळीपेक्षा अधिक उपयोगी पडला असावा.

मुंबईत १८९४ मध्ये सुरू झालेल्या आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या रविवर्मा छापखान्याने देवादिकांची चित्रे घरोघरी पोहोचवली. जे. जे. स्कूलमधले एम. व्ही. धुरंधर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतल्या माणसांची चित्रे कार्डांसाठी काढली. इथे आकार लहान झाल्याने काही बिघडत नव्हते. कमळावरची लक्ष्मी हातभर असो वा बोटभर, ती लक्ष्मीच. ओळख पटली की कार्डाचे काम झाले.

युरोपात प्रश्न वेगळ्या अंगाने पुढे आला. जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिन यांनी १९३५-३६ च्या निबंधात मांडले, की यंत्राने काढलेल्या प्रतीत मूळ कलाकृतीचे एका जागी, एका काळात असणे नाहीसे होते. फ्रेंच लेखक आंद्रे मालरो यांनी १९४७ मध्ये याच गोष्टीकडे आशेने पाहिले: छायाचित्रांमुळे प्रत्येकाच्या मनात भिंतींविना एक संग्रहालय उभे राहते. मात्र त्या संग्रहालयात लहानशी मुद्रा आणि भिंतभर शिल्प एकाच मापाची होतात, हेही त्यांनी ओळखले होते. बाउहाउस या जर्मन कलाशाळेने तर हा वादच टाळला. १९२३ च्या वायमार प्रदर्शनाच्या जाहिरातीसाठी क्ले, कँडिन्स्की आणि इतरांनी शिळाछापाची वीस कार्डे केली. ती कार्डाच्याच मापात कल्पिलेली असल्याने त्यांना वेगळे मूळ नव्हते.

भारतातल्या तरुण चित्रकारांना मात्र मालरोंचे संग्रहालयच वापरावे लागले. मंडला जिल्हा आजही मध्य प्रदेशातच आहे, पण १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. चित्रकार सैयद हैदर रझा यांचा जन्म १९२२ मध्ये याच जिल्ह्यातल्या बाबरिया गावी झाला. ते १९३९ ते १९४३ नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि मग मुंबईला गेले. तिथे पोटासाठी त्यांनी एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत काम धरले. म्हणजे चित्राचे छपाईत काय होते, हे ज्या धंद्यात रोज दिसते, त्याच धंद्यात ते होते. टाइम्स ऑफ इंडियातले ऑस्ट्रियन कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर यांच्या घरी ही तरुण मंडळी जमत आणि युरोपीय चित्रांवर बोलणे होई. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी रझांना सांगितले, की तुमच्या चित्रांत रचना कमी आहे, सेझान अभ्यासा. सेझानची मूळ चित्रे पाहायला १९५० मध्ये पॅरिस गाठावे लागले.

हा सल्ला छापील चित्रांच्या भरवशावर जगणाऱ्याला नेमका मानवणारा होता. छपाईत रंगाची जाडी जाते, माप जाते, रंगछटा घसरतात. रचना मात्र बरीचशी टिकते. रझांनी पुढे उभारलेली बिंदू, त्रिकोण, चौकोन यांची भूमितीही म्हणूनच कार्डावर तग धरते. चार रंगांच्या ऑफसेट छपाईत झळझळीत नारिंगी आणि गर्द निळा मंदावतात, तरी मधला काळा गोल आणि त्याभोवतीचे ताण कळतात. तो गोलही मग शाईच्या हजारो बारीक ठिपक्यांनीच बनलेला असतो, हा योगायोग मजेदार आहे.

चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांचे तसे होत नाही. त्यांचा जन्म नागपूरचा, १९२४ चा, शिक्षण जे. जे.मध्ये. सुरुवातीला त्यांच्यावर क्लेचा प्रभाव होता. साठच्या दशकापासून ते रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवत व खरवडत. पुढे फाटलेल्या छापील कागदांचे आकार कॅनव्हासवर उमटवू लागले. इथे रचना म्हणून हाती धरावे असे फारसे काही नाही. थरांतून आतबाहेर होणारा प्रकाश हेच चित्र. त्यांचे साठ इंच उंच, चाळीस इंच रुंद कॅनव्हास पुष्कळ आहेत. असे चित्र सहा बाय चारच्या कार्डावर आले, की क्षेत्रफळ शंभरावा हिस्सा उरते, आणि थरांच्या जागी एकसारखी चकाकी येते. कार्ड पाहून गायतोंडे कंटाळवाणे वाटले, तर दोष पाहणाऱ्याचा नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि ललित कला अकादमी या दोन्ही संस्था दिल्लीत उभ्या राहिल्या. अकादमीने भारतीय चित्रांच्या रंगीत प्रती आणि कार्डे स्वस्तात काढली. लहान गावांतल्या चित्रकला शिक्षकांपुढे आधुनिक चित्र येण्याचा हा एक मार्ग होता. दिल्लीला जाणे ज्याला जमत नाही, त्याला मंद नारिंगीतला रझाही थोडा नव्हे.

अशा कार्डाचा अधिक प्रामाणिक भाग पाठीमागे असतो: चित्रकाराचे नाव, वर्ष, माध्यम, मूळ माप, संग्रह. पुढची बाजू जे गाळते, त्यातले निम्मे तरी या एका ओळीत सापडते; ‘कॅनव्हासवर तैलरंग’ आणि सेंटिमीटरचे दोन आकडे वाचून पाहणारा मनातल्या मनात चित्र भिंतीवर टांगू शकतो. देवादिकांच्या कार्डाला या ओळीची गरज नव्हती. गायतोंडेंच्या कार्डाला तिच्यावाचून अर्थच नाही. फोनवर फिरणाऱ्या चित्रांना पाठ नसते, त्यामुळे ही ओळ बहुतेक वेळा पहिल्याच फेरीत गळून पडते.