मधली कळ

पाळी संपून आठवडाभर झालेला असतो, पुढची यायला दोन आठवडे असतात. अशाच एखाद्या दिवशी ओटीपोटात एका बाजूला कळ उठते. काही तासांत विरते, फार तर दिवस-दोन दिवस रेंगाळते. डॉक्टर तिला ‘मिटलश्मेर्त्स’ म्हणतात. जर्मन शब्द आहे, ऐकायला भारदस्त. अर्थ मात्र एवढाच, की मधलं दुखणं. काय दुखतं, कशामुळे दुखतं, याबद्दल चकार शब्द नाही. नुसती तारीख.

कारण आता बरंचसं ठाऊक आहे. बीजकोशातली द्रवाने भरलेली पुटिका दोन सेंटिमीटरच्या आसपास फुगते, फुटते आणि बीज बाहेर पडतं. सोबत सांडलेला द्रव, थोडंसं रक्त पोटाच्या आतल्या अस्तराला झोंबतं. कधी डावीकडे, कधी उजवीकडे. उजवीकडे जोरात दुखलं की पहिली शंका अपेंडिक्सची.

एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांचा हिशेब मात्र निराळा होता. कुत्री माजावर येते तेव्हा तिला रक्तस्राव होतो. बाईचंही तसंच असणार, बीज पाळीच्या सुमारास सुटत असणार, असं ते धरून चालले. त्यामुळे मूल नको असलेल्या जोडप्यांना दोन पाळ्यांच्या मधले दिवस निर्धोक म्हणून सांगितले जात. नेमके तेच दिवस! किती घरांत त्या सल्ल्याने पाळणे हलले असतील कोण जाणे. बायकांच्या पोटातली कळ तेव्हाही आपल्या वेळेवर येतच होती.

जपानमधल्या नीगाता शहरात डॉक्टर क्यूसाकू ओगिनो यांनी ऑपरेशनच्या वेळी बीजकोश डोळ्यांनी पाहिले, त्या बायकांच्या पाळीच्या तारखांशी ताडून पाहिले आणि १९२४ मध्ये वेगळंच गणित मांडलं. बीज सुटण्याचा दिवस मागच्या पाळीपासून मोजायचा नाही. पुढची पाळी येण्याआधी १२ ते १६ दिवस, असा उलटा मोजायचा. ऑस्ट्रियात डॉक्टर हेरमान क्नाउस स्वतंत्रपणे जवळजवळ तिथेच पोहोचले.

या उलट्या मोजणीने ‘मधली’ हा शब्दही थोडा लटका पडतो. पाळी दर २८ दिवसांनी येत असेल तर ती कळ खरोखर मध्यावर. ३५ दिवसांनी येत असेल तर एकविसाव्या दिवसाच्या आसपास. अशी बाई डॉक्टरांकडे जाऊन “पाळीच्या आधी दुखतं” असंच सांगणार. तिने कॅलेंडरवर त्या दिवसाला नुसती खूण केली, तरी पुढची पाळी आल्यावर मागे मोजता येतं.