रॉकेट रंगवताना



प्लास्टिकचे सुटे भाग चिकटवून रॉकेटची लहानशी प्रतिकृती करायची, ती रंगवायची आणि कपाटावर मांडायची, हा मुलांचा छंद. त्यात नीतीचा प्रश्न तो कसला, असे कोणीही म्हणेल. मीही तसेच समजत होतो. पण गेल्या पेसाहच्या सुट्टीत माझ्या तेरा वर्षांच्या नातवाने मला असे कोंडीत पकडले की, जन्मभर वर्गात गणित शिकवलेल्या माणसाला उत्तर देता येईना.

टेबलावर दोन खोकी होती. एकात अमेरिकेचे सॅटर्न-५, प्रमाण १:१४४. मूळ रॉकेट सुमारे ११० मीटर उंच, म्हणजे प्रतिकृती सुमारे ७७ सेंटिमीटर. दुसऱ्यात जर्मनीचे व्ही-२, प्रमाण १:७२. मूळ १४ मीटर, प्रतिकृती साडेएकोणीस सेंटिमीटरच्या आत. पहिले पाहून मला आनंद झाला. चंद्रावर जाऊन आलेले तिघे अंतराळवीर ऑक्टोबर १९६९ मध्ये मुंबईस आले होते. तेव्हा मी शाळकरी पोर होतो. वर्तमानपत्रातली त्यांची चित्रे कापून वहीत चिकटवली होती. दुसरे खोके पाहिले मात्र आणि म्हणालो, "हे आपल्या घरात नको. परत करून ये."

पोराने आपल्या मोडक्या मराठीत विचारले, "साबा, दोन्ही रॉकेटे बनवणारी माणसे तीच ना? मग मोठे कसे चालते?"

प्रश्न रास्त होता. व्ही-२ चे प्रमुख शिल्पकार वर्नर फॉन ब्राउन. हे गृहस्थ हिटलरच्या एस.एस. संघटनेत अधिकारी होते. ऑगस्ट १९४३ मध्ये पेनेम्युंडे येथील केंद्रावर बॉम्ब पडल्यानंतर रॉकेटांचा कारखाना नॉर्डहाउझेनजवळच्या डोंगरातील भुयारांत हलवला गेला. तेथे राबण्यासाठी डोरा ही छावणी उभी राहिली. पहिले कित्येक महिने कैदी त्या भुयारांतच झोपत. दिवसाचा उजेड त्यांना दिसत नसे. डोरा आणि तिच्या जोड-छावण्यांत सुमारे ६०,००० माणसे आणली गेली. त्यांपैकी सुमारे २०,००० मेली. त्यांत रशियन, पोलिश, फ्रेंच असे अनेक देशांचे लोक होते. १९४४ पासून आपले यहुदी बांधवही आले. हे अस्त्र ज्यांच्यावर पडले, त्यांच्याहून ते बनवताना मेलेली माणसे अधिक, असे इतिहासकार सांगतात.

युद्ध संपल्यावर फॉन ब्राउन आणि त्यांचे सहकारी अमेरिकेत गेले आणि त्यांच्याच देखरेखीखाली सॅटर्न-५ तयार झाले. भुयारातल्या कारखान्यात उत्पादनाचे प्रमुख असलेले आर्थर रुडॉल्फ पुढे सॅटर्न-५ प्रकल्पाचे व्यवस्थापक झाले. चौकशी मागे लागल्यावर १९८४ मध्ये त्यांनी अमेरिका सोडली आणि तेथील नागरिकत्वही टाकून दिले. म्हणजे माझ्या वहीतल्या चंद्राच्या चित्रांपर्यंत त्या भुयाराची वाट येऊन पोहोचत होती.

मी म्हणालो, "एक माणसे मारण्यासाठी उडाले, दुसरे ज्ञानासाठी." हे खरे आहे, पण अर्धेच. वस्तू कशासाठी केली हा एक हिशेब, ती कोणाच्या हाडांवर उभी राहिली हा दुसरा. पहिल्या खात्यातली जमा दुसऱ्या खात्यातल्या कर्जाला वळती करता येत नाही. चंद्रावर बारा माणसे चालून आली म्हणून डोराचा एकही कैदी परत आला नाही.

मग दोन्ही खोकी फेकून द्यावीत काय? तेही मला पटेना. प्लास्टिक कचऱ्यात गेल्याने मेलेल्यांचे काय भले होणार? उलट घरात त्यांचे नाव निघण्याचे निमित्त तेवढे नाहीसे होईल.

या छंदाची एक गंमत नातवाने मला सांगितली. सॅटर्न-५ वरच्या काळ्या पट्ट्या शोभेसाठी नसतात. रॉकेट स्वतःभोवती किती फिरते, हे दुरून पाहता यावे म्हणून त्या रंगवत. व्ही-२ च्या चाचणी-रॉकेटांवरचे काळे-पांढरे चौकोनही त्याचसाठी. काही जुन्या किटांत सॅटर्न-५ च्या पट्ट्या चुकीच्या जागी दाखवल्या आहेत, कारण त्या कधीच न उडालेल्या चाचणीच्या नमुन्यावरून घेतल्या. ही चूक सुधारण्यासाठी छंदी लोक जुने फोटो भिंगाखाली धरून बसतात.

हे ऐकून मला माझे उत्तर सापडले. पट्टी एक-दोन मिलिमीटर इकडची तिकडे झाली तर ज्यांना चैन पडत नाही, त्यांनी माणसेच्या माणसे गाळली तर ती प्रतिकृती हुबेहूब कशी म्हणावी? प्रमाण याचा अर्थ प्रत्येक माप एकाच संख्येने भागणे. सोयीचे तेवढे ठेवणे नव्हे. १:७२ मध्ये माणूस अडीच सेंटिमीटरहूनही कमी उंचीचा होतो. तो लहान होतो, पण नाहीसा होत नाही.

आपण सेदरच्या रात्री तरी काय करतो? फारोसाठी आपल्या पूर्वजांनी पिथोम व रामसेस ही नगरे बांधली. आपण मुलांना त्या नगरांच्या भव्यतेचे वर्णन सांगत नाही. विटा कोणी थापल्या ते सांगतो. वस्तू विसरू नका आणि बांधणारेही विसरू नका, एवढेच आपल्याला शिकवलेले आहे.

इलान रामोन यांची आई आउशवित्झमधून वाचलेली. म्हणून त्यांनी अंतराळात जायचे नाकारले नाही. जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया यानात बसताना त्यांनी तेरेझीनच्या छावणीतल्या पेत्र गिन्झ या मुलाने काढलेल्या चित्राची प्रत बरोबर घेतली. चंद्रावरून पृथ्वी कशी दिसेल, याचे ते चित्र. १९४४ मध्ये, सोळाव्या वर्षी, तो मुलगा आउशवित्झमध्ये मारला गेला होता. कोलंबिया १ फेब्रुवारी २००३ रोजी परतताना नष्ट झाले, हे आपण सारे जाणतोच. पण उड्डाण सोडू नये आणि आठवणही सोडू नये, हा धडा मागे राहिला.

मी नातवाला सांगितले, "दोन्ही कर. पण दोन्हीच्या बैठकीवर डोराचे नाव लिही आणि कोणी विचारले तर सगळे सांग." त्यावर तो म्हणाला, "आणि साबा, कोणीच विचारले नाही तर?"

तेव्हा आपण होऊन सांगायचे, असे मी म्हणालो. नाहीतर ते नाव म्हणजे मनाचे समाधान करून घेण्याची चिठ्ठीच ठरेल. शब्बाथ सरल्यावर त्याने ब्रश हातात घेतला. मी चष्मा लावून शेजारी बसलो.

माझे म्हणणे ज्यांना पटत नसेल, त्यांनी आपले मत अवश्य लिहून कळवावे.