क्रम कुणाचा?

वसई-विरार पट्ट्यात हळदीच्या रात्री जे 'नॉनस्टॉप' वाजतं, त्याबद्दल शिकल्यासवरलेल्या घरांत दोन तक्रारी ऐकू येतात. एक, आवाज फार असतो. दुसरी, त्यात संगीत कसलं, दुसऱ्यांची गाणी तर एकाला एक जोडलेली असतात. पहिल्या तक्रारीशी माझं भांडण नाही. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम रहिवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घालून देतात. मांडवात भिंतीसारख्या रचलेल्या स्पीकरसमोर उभं राहिलं की हे आकडे कुणीतरी गंमत म्हणून लिहिले असावेत असं वाटतं. दुसरी तक्रार मात्र तपासून पाहायला हवी. गाणी दुसऱ्यांची असतात हे खरंच. पण कोणतं गाणं कोणत्या गाण्याच्या पाठीवर यावं, ते किती वेळ टिकावं, कुठे कापावं आणि कोणतं गाणं आज लावूच नये, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. माझं म्हणणं असं की हे ठरवणं हीच मिक्सची रचना, आणि ज्याने ती केली त्याच्यावर रचनाकाराची जबाबदारीही येते. आपल्याकडे डीजेला त्या रचनेचं श्रेय मिळत नाही आणि तो तिची जबाबदारीही घेत नाही.

जोडकामाचं कौतुक आता जुनं झालं. 1960च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या 'सँक्च्युअरी' क्लबमध्ये फ्रान्सिस ग्रासो दोन तबकड्यांचे ठोके कानाने जुळवून एका गाण्यातून दुसऱ्यात शिरायचा, तेव्हा ती जादू होती. 1972मध्ये टेक्निक्सची एसएल-1200 आली, तिच्या पुढच्या आवृत्तीत वेग कमीजास्त करणारी सरकपट्टी आली, आणि ती जादू सरावाने कमावता येणारी कारागिरी झाली. आज ते काम 'सिंक' नावाचं बटण करतं. नालासोपाऱ्यातला अकरावीतला मुलगा लॅपटॉपवर दोन गाणी अचूक जुळवतो. यात हळहळण्यासारखं काही नाही. उलट बरंच झालं, कारण हाताच्या चलाखीचा पडदा दूर झाल्यावर उरते ती फक्त निवड आणि क्रम. तिथे कुणाची किती तयारी आहे ते लगेच उघडं पडतं.

आणि क्रमाची ही कला पालघर जिल्ह्याला यंत्रांनी शिकवलेली नाही. वारल्यांच्या लग्नात धवलेरी लग्न लावते. विधीच्या प्रत्येक टप्प्याचं गाणं ठरलेलं असतं. पालघाट देवीचा चौक लिहिला जातो तेव्हाचं वेगळं, पुढच्या विधीचं वेगळं. तिथे गाण्यांची अदलाबदल करून चालत नाही, कारण गाण्यांचा क्रम हाच लग्नाचा क्रम असतो. आगरी-कोळ्यांची धवलारीणही हेच करते. वसईतल्या ईस्ट इंडियन लग्नात उंबराचं पाणी आणायला वाजतगाजत जातात, तेव्हा बँड काय वाजवतो यालाही जागा-वेळेचं भान असतं. तारप्याचं तर विचारूच नका. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचं पान यांनी बनलेलं हे वाद्य वाजवणारा श्वास तुटू देत नाही; गालात हवा साठवून नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे सूर थांबत नाही. नाचणारे हातात हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात आणि त्याच्याकडे पाठ करत नाहीत. त्याने चाल बदलली की पावलं बदलतात. पण चाल कधी बदलायची हे तो पावलांकडे बघूनच ठरवतो. समोरच्या माणसांना उत्तरदायी राहून रात्रभर न तुटणारा क्रम रचणं, याहून डीजेचं वेगळं काम कोणतं असतं ते मला कुणी सांगावं.

मिक्स ध्वनिमुद्रित करून संकलन म्हणून बाहेर काढला, की पहिली गोष्ट जाते ती हीच. समोर पावलं नसतात. मग क्रम कशाच्या आधारावर लावायचा? बहुतेकांचं उत्तर असतं ठोक्यांचा वेग: मिनिटाला 100 ठोक्यांपासून सुरुवात करायची, चढत चढत 130 वर न्यायचं, झालं. मला हे उत्तर आळशी वाटतं, आणि ते किती अपुरं आहे हे पाहायला फार लांब जावं लागत नाही. आपल्या शेजारच्या गोव्याचा अनुभव पुरेसा आहे.

अंजुण्याच्या किनाऱ्यावर 1980च्या दशकात रात्र-रात्र चालणाऱ्या पार्ट्यांमध्ये तबकड्या फारशा वापरात नव्हत्या. उन्हाने आणि दमटपणाने त्या वाकायच्या. वाजवणारे कॅसेटवर आणि नंतर डॅट या डिजिटल टेपवर संगीत आणायचे. डॅटवर वेग जुळवायची सोय नव्हती, म्हणजे ज्याला जगभर डीजेचं मुख्य कौशल्य मानत होते ते तिथे शक्यच नव्हतं. एक तुकडा संपत आला की दुसऱ्याची ठोक्याविना संथ सुरुवात त्याखालून वर आणायची, एवढंच हाती होतं. त्यामुळे त्या संगीतात लांब, धूसर सुरुवाती-शेवट रूढ झाले, आणि सगळा भार येऊन पडला तो पुढे काय लावायचं या एका निर्णयावर. कॅलिफोर्नियातून आलेला आणि 2023मध्ये वारलेला गोवा गिल रात्रीच्या काळोखात जड, भीतिदायक वाटणारे तुकडे लावायचा आणि उजाडत आलं की हलके, मोकळे. त्याला हा एक विधी वाटायचा. त्याचं अध्यात्म मला पटो न पटो, पण प्रहराप्रमाणे संगीत बदलतं हे मराठी कानाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

डिसेंबर 1994मध्ये ब्रिटिश डीजे पॉल ओकनफोल्डने बीबीसी रेडिओ 1 वर 'गोवा मिक्स' सादर केला. दोन तासांच्या या कार्यक्रमात नाचाच्या तुकड्यांच्या मधोमध चित्रपटांचं पार्श्वसंगीत येतं, ठोका पार नाहीसा होतो आणि मग सावकाश परततो. नाचणाऱ्यांसमोर हे धाडस अंगाशी आलं असतं. घरी बसून रेडिओ ऐकणाऱ्यांसाठी ते बरोबर ठरलं. त्याच वर्षी साशा आणि जॉन डिग्वीड यांचं 'रेनेसाँ: द मिक्स कलेक्शन' तीन सीडींत आलं, आणि क्लबमधली रात्र घरी नेता येईल अशा रूपात रीतसर परवाने घेऊन विकता येते हे दिसलं. तसा हा प्रकार त्याआधीही होता. 1975मध्ये ग्लोरिया गेनरच्या 'नेव्हर कॅन से गुडबाय' या तबकडीच्या एका बाजूवर टॉम मोल्टनने तीन गाणी मध्ये खंड न पडू देता ओवली होती.

इथे थोडं वाट सोडून मुंबईच्या चरणजीत सिंगांबद्दल. 1982मध्ये एचएमव्हीने त्यांची 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी काढली. रोलंडची 808 आणि 303 ही यंत्रं त्यांनी दहा रागांना जुंपली. तेव्हा तिकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि 2010मध्ये ती पुन्हा निघाल्यावर जगभरच्या जाणकारांनी कपाळावर हात मारून घेतला. लोक तिच्या आवाजाबद्दल बोलतात. माझं लक्ष जातं क्रमाकडे. आपल्या मैफलीची सांगता ज्या भैरवीने होते तिने ही तबकडी सुरू होते. मग ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस, आणि अखेरीस बैरागी. ऋतूचा मेघ बाजूला ठेवला आणि मध्येच घुसलेला संध्याकाळचा भूप माफ केला, तर हा पहाटेपासून मध्यरात्र ओलांडून पुन्हा पहाटेपर्यंतचा फेरा आहे. एकाच ठोक्यावर चालणाऱ्या संगीतातही क्रमाला अर्थ देता येतो, हे त्या तबकडीवर कोरलेलं आहे.

आता आपल्या अंगणात येऊ. कोळीगीतांची बरीचशी चाल सहा मात्रांच्या झोक्यावर असते, तीन-तीनची. हाउस संगीताचा ठोका सरळ चारचा. दोन्हींचा मेळ बसतो. प्रत्येक ठोक्याच्या पोटात तीन मात्रा धरल्या की झोका शाबूत राहतो. पण घाईत केलेल्या नॉनस्टॉपमध्ये हे होत नाही. चारचा ठोका झोक्यावर दामटून बसवला जातो आणि होडीवर डुलणारं गाणं कवायत करू लागतं. दुसरा अन्याय याहून सूक्ष्म आहे. जुन्या मुद्रणांत ढोलकी माणसाने वाजवलेली असते. कडवं रंगलं की तो पुढे सरकतो, ध्रुपदावर जरा मागे रेलतो. सॉफ्टवेअरला असला सरकता वेग चालत नाही. ते गाणं ताणून, दाबून एका मापात बसवतं. वादकाने मुद्रणाच्या खोलीत जो उत्साह दाखवला होता, तो या सपाटीकरणात पुसला जातो. बेंजो पार्टीवाले हीच गाणी एकात एक गुंफून तासन्‌तास वाजवत आले, पण हातांनी; त्यामुळे गाण्यासोबत वेगही हलायचा. संकलन करणाऱ्याने प्रत्येक गाण्यापुरतं ठरवायला हवं की याला मापात बसवायचं, की याच्यासाठी माप सोडायचं. गोव्याचे डॅटवाले माप सोडूनच तर रात्र काढत होते.

आणखी एक अडचण आहे, ती इथल्या वस्तीची. अर्नाळा, पाचूबंदर, नायगावचे कोळी, जूचंद्रचे आगरी, वाडवळ, गास-निर्मळकडचे कादोडी बोलणारे सामवेदी ख्रिस्ती, पूर्वेकडचे वारली आणि मल्हार कोळी. आणि त्यांच्यापेक्षा संख्येने कितीतरी मोठा, कोकणातून, घाटावरून, गुजरात-उत्तर प्रदेशातून आलेला लोकलचा समाज. नालासोपाऱ्याच्या एका मांडवात कोळीगीत, गरबा, भोजपुरी आणि गणपतीचं गाणं एका तासात वाजवावं लागतं. हे सर्वांना खूश करणं म्हणून केलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला ओळखीची दीड मिनिटं येतात आणि मग तो बाजूला जाऊन उभा राहतो. चांगला डीजे दुसरं काहीतरी साधतो: ज्याचं गाणं संपलं त्याला पुढच्याच्या गाण्यात ठेवून घेतो. कायद्याने रात्री दहाला आवाज बंद करायचा असतो, त्यामुळे रात्रभर हळूहळू चढणारी कमान दोन-तीन तासांत दाबावी लागते, आणि मग पहिल्यापासूनच सगळी 'चढणारी' गाणी. संकलनाला दहाची सक्ती नाही. त्याचा ऐकणारा बहुधा कानात इअरफोन घालून विरार लोकलमध्ये उभा असतो. विरार ते चर्चगेट 60 किलोमीटर, सव्वा-दीड तास. सीडीवर 74 मिनिटं मावायची. म्हणजे लांबी ठरलेली आहे. त्या ऐकणाऱ्याला नाचायचं नाही, तर गर्दीत स्वतःपुरती जागा हवी आहे, एवढं लक्षात ठेवून क्रम लावला तरी निम्मं काम झालं.

कायद्याची स्थिती मोठी मौजेची आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभांत गाणी वाजवण्याला सूट देतं. हळदीत वाजवलेला तास त्यामुळे निर्दोष. तोच तास ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध केला की प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या मालकाची परवानगी लागते. ती कोण घेणार? म्हणून आपल्याकडचे मिक्स एकेकाळी स्टेशनबाहेरच्या दुकानात मेमरी कार्डात भरून मिळायचे, आता पेन ड्राइव्हवरून आणि फोनवरून फिरतात; दप्तरी त्यांची नोंद नाही. दुसरीकडे, निवड आणि मांडणी यांत कौशल्य, निर्णय आणि थोडीतरी सर्जकता असेल तर तिच्यावर हक्क सांगता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2007मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात मान्य केलं. खटला न्यायनिवाड्यांच्या संपादित आवृत्त्यांचा होता, गाण्यांचा नव्हे. पण तत्त्व डीजेच्या कामाच्या किती जवळ येतं पाहा.

हक्क सांगायचा तर हिशेब द्यावा लागतो, आणि तिथे माझी आपल्या डीजेंवर खरी नाराजी आहे. मिक्समध्ये दर दोन मिनिटांनी घुमणाऱ्या आवाजात डीजेचं नाव येतं. गायिकेचं येत नाही, ढोलकीवाल्याचं येत नाही, चाल कोणाची, शब्द कोणाचे, काही नाही. परदेशी संकलनाच्या सीडीवर तुकड्यांची यादी छापलेली असते ती कंपनीला सद्‌गुण सुचला म्हणून नव्हे, परवान्याची अट म्हणून. आपल्याकडे परवाना नाही म्हणून यादी नाही, यादी नाही म्हणून गाणारे अनामिक, आणि अनामिक गाण्याला सगळे 'पारंपरिक' म्हणून मोकळे. जी गाणी खरोखर पारंपरिक आहेत त्यांनाही गाणारा एक विशिष्ट गळा त्या मुद्रणात असतोच की. नावं लिहायला परवाना लागत नाही.

वसई-विरारचा मिक्स संकलित करायची वेळ आली तर मी धवलेरीचं गाणं घेणार नाही. ते मोहक आहे, त्याचा चार सेकंदांचा तुकडा कापून ठोक्यावर फिरवला तर छान वाजेल, आणि नेमकं म्हणूनच घेणार नाही. त्या गाण्याचा क्रम विधीने ठरवला आहे, तो मोडायचा हक्क मला नाही. तारपा घेईन. वाजवणाऱ्याला विचारून, पैसे देऊन, नाव लिहून. ज्यांना दाद हवी असते ते तो सुरुवातीला वापरतात, दोन फुंका आणि मग धडाधड ठोका. मी तो मध्यावर ठेवीन, कोळीगीतांनंतर आणि भोजपुरीच्या आधी, खाली कोणताही ठोका न घालता, निदान सहा-सात मिनिटं सलग. लोकलमधला माणूस तेव्हा साधारण बोरिवलीला असेल आणि त्याचा हात फोनकडे जाईल. पुढचं गाणं असं लावायला हवं की त्याने तो पुन्हा खिशात घालावा. ते गाणं कोणतं, यावर माझा मुलगा आणि मी अजून भांडतो आहोत.