लेझर थांबवायचा कोणी?

एक्स-रेचं यंत्र बसवायचं तर अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, आणि त्याजवळ काम करणाऱ्याच्या छातीवर किरणमापक बिल्ला लावण्याची रीत आहे. लेझरचे किरण त्या जातीचे नाहीत, म्हणून ते या चौकटीबाहेर राहतात. भौतिकशास्त्राच्या हिशेबाने हे बरोबरच. पण ऑपरेशन थिएटरमध्ये त्याचा अर्थ ‘म्हणजे यात काही धोका नाही’ असा लावला जातो, आणि डोळा, कातडी, कापड तिन्ही जाळू शकणारं चौथ्या वर्गातलं यंत्र मिक्सरसारखं प्लगला जोडून सुरू होतं.

छोट्या नर्सिंग होममध्ये तर यंत्र अनेकदा भाड्याचं असतं. एका टेक्निशियनसोबत गाडीतून येतं, केस झाली की पुढच्या गावाला जातं. प्रशिक्षण झालंच तर सर्जनचं, यंत्र विकणाऱ्या कंपनीकडून. सिस्टर, भूलतज्ज्ञ, ट्रॉली ढकलणारे मामा यांच्या वाट्याला ऐकीव माहिती.

सकाळी मुतखड्याची केस. होल्मियम लेझर, तरंगलांबी सुमारे 2100 नॅनोमीटर. पाणी हा किरण चटकन शोषून घेतं. डोळ्यावर आलाच तरी पुढच्या पारदर्शक पडद्यातच तो अडतो. त्यामुळे कित्येक युरोलॉजिस्ट संरक्षक चष्म्याचा आग्रह धरत नाहीत, आणि त्याला निव्वळ बेफिकिरी म्हणणं मला जड जातं. दुपारी त्याच टेबलावर मूळव्याध, आणि यंत्र 980 नॅनोमीटरचं डायोड. हा किरणही दिसत नाही, पण तो डोळ्याच्या भिंगातून आत शिरतो आणि दृष्टिपटलावर एकवटून सुमारे लाखपट तीव्र होतो. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. झगमगाट दिसला तर पापणी मिटेल. इथे दिसण्यासारखं काहीच नसतं. फायबर मध्येच मोडला, किंवा टोक बाहेर काढताना पाय पेडलवरच राहिला, की झालं. सिस्टर दोन्ही वेळा तीच असते, आणि सकाळची सवय दुपारपर्यंत टिकते. धोका तरंगलांबीप्रमाणे बदलतो, सवय बदलत नाही. म्हणून प्रशिक्षणात लेझरच्या शोधाचा इतिहास एक वेळ गाळावा, पण चष्म्याच्या काडीवर किंवा काचेवर छापलेला तरंगलांबीचा आकडा यंत्रावरच्या आकड्याशी ताडून पाहायला प्रत्येकाला शिकवावं. मामांनाही.

घशाच्या शस्त्रक्रियेत प्रश्न डोळ्यापुरता राहत नाही. श्वासनलिकेतली साधी पीव्हीसीची नळी लेझरने पेट घेते, आणि आतला ऑक्सिजन ती आग भडकावतो. नायट्रस ऑक्साइडही तेच करतं. म्हणून ऑक्सिजन 30 टक्क्यांच्या खाली ठेवायचा, लेझरसाठी बनवलेली नळी वापरायची, तिचा फुगा हवेऐवजी निळा रंग मिसळलेल्या सलाइनने भरायचा, म्हणजे तो फुटला की लगेच दिसतो. आग लागलीच तर नळी बाहेर, वायू बंद, घशात सलाइन. हे कागदावर सोपं आहे. पण सर्जनचा डोळा मायक्रोस्कोपला आणि पाय पेडलवर असताना ‘ऑक्सिजन किती?’ हा प्रश्न विचारणार कोण?

अमेरिकेत रुग्णालयांसाठी झेड 136.3 हे मानक आहे. त्यातल्या लेझर सुरक्षा अधिकाऱ्याला काम थांबवण्याचा अधिकार असतो. आपल्याकडे ‘सर, चष्मा’ म्हणणाऱ्या सिस्टरला ‘अगं, दोन मिनिटांचं काम आहे’ हे उत्तर मिळतं, आणि मानांकनाच्या फायलीत तिची प्रशिक्षणाची सही मात्र असते. इतकं शिकवून तिला थांबवण्याचा हक्क द्यायचा नसेल, तर ती सही कशाची?

वीस खाटांच्या रुग्णालयाला वेगळा अधिकारी परवडणार नाही, हे खरंच. पण इथे पद निर्माण करायची गरज नाही. यंत्राजवळ उभी असलेली व्यक्ती खोलीतल्या सगळ्यांचे चष्मे पाहून ‘रेडी’ म्हणेपर्यंत यंत्र स्टँडबायवर राहील, एवढा नियम पुरेसा आहे. भाड्याच्या यंत्रासोबत आलेल्या टेक्निशियनवर मात्र तो भार टाकू नये. पुढची केस त्याच सर्जनकडून मिळायची असते, त्याच्या तोंडून नकार निघणं कठीण. तो हक्क रुग्णालयाच्या सिस्टरकडे हवा, आणि भाडं ठरतं त्याच कागदावर तिचं नाव आणि सोबत येणाऱ्या चष्म्यांची संख्याही लिहिलेली हवी.