खुशाली आणि हजेरी

शेजारच्या एका निवृत्त गुरुजींची मुलगी शिकायला जर्मनीला गेली आहे. "इथलाच नंबर रोमिंगवर चालू आहे, म्हणजे पोरगी घरीच आहे समजा," असं ते परवा मोठ्या समाधानानं म्हणाले. ते वाक्य मला खुपलं. घरीच असायचं, तर एवढ्या लांब जायचं कशाला?

फोननं जग जवळ आणलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण खुशाली कळणं वेगळं आणि हजेरी घेणं वेगळं. खुशाली जाणारा आपणहून कळवतो. हजेरी मागे राहिलेला मागतो. गुरुजींचा फोन रोज रात्री दहाला जातो. उन्हाळ्यात तेव्हा तिकडे साडेसहा झालेले असतात. मुलगी वाटेतच असते आणि "जेवलीस का?" हा प्रश्न येतो. त्यात माया आहेच. पण गुरुजी म्हणतात, "एक दिवस उचलला नाही तर झोप लागत नाही." इथे मायेची हजेरी होते.

फोन असला म्हणजे हजेरी द्यावीच लागते, असं नाही. सेवाग्रामला बापू दफ्तरात एक टेलिफोन जपून ठेवला आहे. गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी तो बसवून घेतला. साम्राज्याची तार झोपडीपर्यंत आली, पण गांधीजींचं सोमवारचं मौन काही त्या तारेवर अवलंबून नव्हतं. बोलायचं कधी, हे झोपडीतल्या माणसानं ठरवलं.

पण प्रत्येकाला हे जमत नाही; म्हणून परदेशी जाणाऱ्यानं इथला नंबर बंदच करावा, असं मी म्हणणार होतो. सोलापूरचे डॉ. कोटणीस 1938 मध्ये नागपूरच्या डॉ. चोळकरांसोबत वैद्यकीय पथकातून चीनला गेले. तिथे असताना वडील गेल्याचं कळलं, तरी ते मागे फिरले नाहीत. रोज घरचा आवाज कानी पडता तर त्यांना राहवलं असतं का? पण त्यांच्या आईचा विचार केला आणि माझा युक्तिवाद लंगडा पडला. मुलाचा धीर थोर होता. घरच्यांना त्याचा आवाज ऐकू न येण्यात थोर काहीच नव्हतं. शिवाय आज बँकेचा ओटीपी याच नंबरवर येतो, आणि उद्या गुरुजींनाच दवाखान्यात न्यावं लागलं तर मुलीला कळायला हवं.

तेव्हा गुरुजी, नंबर चालूच ठेवा, रिचार्जही संपू देऊ नका. फक्त रोजच्या फोनची वेळ तिला ठरवू द्या, आणि एखाद्या दिवशी तिनं केला नाही तर दुसऱ्या दिवशी कारण विचारू नका.