अंतर किती? तास किती?



9 जानेवारी 2021, शनिवार. रात्री सॅन फ्रान्सिस्कोहून एक विमान निघालं आणि मध्ये कुठेही न थांबता सोमवारी पहाटे बेंगळुरूला उतरलं. दोन शहरांमधलं अंतर जवळजवळ 14,000 किलोमीटर, वेळ सुमारे 17 तास. वैमानिक सगळ्या महिला, प्रमुख कॅप्टन झोया अग्रवाल. वाट उत्तर ध्रुवावरून. भिंतीवरच्या नकाशात ही वाट उलटी वाटते. पण पृथ्वी गोल, म्हणून तीच जवळची.

हे आज का सांगतोय? आपल्या बेळगावच्या मंडळातले एक काका मागे देवाघरी गेले. मुलगा सॅन फ्रान्सिस्कोला. इथून पहाटे फोन केला तेव्हा तिकडे आदल्या दिवसाची दुपार होती. तिकिटाची धावपळ, विमानाचे 17 तास, पुढे बेंगळुरूहून 500 किलोमीटर रात्रभराची बस. अग्नी भाच्याने दिला. मुलगा पोहोचला तो सावडण्याच्या दिवशी.

कुजबूज झालीच. "एवढं शिकवलं, आणि शेवटी खांदा द्यायलाही नाही!" आम्हीही तेव्हा मान डोलावली, हे कबूल करतो.

नंतर शांतपणे विचार केला. जे कोणाच्याच हातात नाही त्याचा दोष कोणाला लावायचा? कितीही तळमळ असली तरी 17 तासांचे 7 होत नाहीत. मग कर्तव्य मोजायचं कुठे? जे हातात होतं तिथे. काकूच म्हणाल्या, मुलगा रोज सकाळी आठला फोन करायचा, गोळ्या घेतल्या का विचारायचा. एक दिवस चुकला नाही.

आता हेही खरं, की फोनमधून तांब्याभर पाणी हातात मिळत नाही. रात्री दवाखान्यात न्यायला शेजारीच लागतो. दूर गेलेल्या मुलांनी हे ऋण विसरू नये.

पण त्याच दिवशी आम्ही आणखी एक पाहिलं. काका टिळकवाडीत, त्यांचे सख्खे भाऊ शहापुरात. रिक्षाने दहा मिनिटं. घराच्या वाटणीवरून अकरा वर्षं बोलणं बंद. ते आले, पायांशी बसले आणि एवढंच म्हणाले, "मला उशीर झाला."

समुद्रापारचा मुलगा तिसऱ्या दिवशी आला. दहा मिनिटांच्या वाटेला मात्र अकरा वर्षं पुरली नाहीत. आता सांगा, लांब कोण होतं?

आधी आपण फोन करायचा, आधी आपण पायरी चढायची, ही वाट मनाला उलटी वाटते. "मीच का?" असं येतं. पण बहुतेक वेळा तीच जवळची असते.

आपल्या प्रत्येकाच्या घरात असं एखादं नाव असेल. येत्या रविवारच्या आत त्या एका माणसाला फोन करूया. जमलं तर जाऊनच येऊया. उशीर झाला हे सांगायची वेळ कोणावर न येवो, हीच श्रीगुरुचरणी प्रार्थना. 🙏