मजुरी थांबल्यावर माणूस

मनुष्य केवळ पोटासाठी श्रमतो, की श्रमातून तो स्वतःही घडत असतो? स्पेनमध्ये 2008 साली बांधकाम व्यवसायाचा फुगा फुटला आणि 2013 साली काम करू इच्छिणाऱ्या दर चौघांपैकी एकाहून अधिक माणसे बेकार होती. तेथील कादंबरीकारांनी या काळात हाच प्रश्न आपल्या शहरांना विचारला.

इसाक रोसा यांच्या 'ला मानो इन्विसिब्ले' (अदृश्य हात, 2011) या कादंबरीत एका गोदामात प्रेक्षकांसमोर कामगार आपापली कामे करीत असतात. गवंडी भिंत बांधतो, तीच पाडतो आणि पुन्हा बांधतो. मजुरी मिळते, परंतु त्या भिंतीच्या आश्रयाला कोणीही येणार नसते. एल्विरा नवारो यांच्या 'ला त्राबाहादोरा' (कामकरी स्त्री, 2014) मधील एलिसा मुद्रितशोधन करते. प्रकाशनसंस्था तिचे पैसे थकवते, म्हणून माद्रिदचा मध्यभाग सोडून ती आलुचे या वस्तीत येते आणि घरातील एक खोली परक्या स्त्रीला भाड्याने देते. मनाची घालमेल मात्र तिची तिलाच सोसावी लागते. राफाएल चिर्बेस यांच्या 'एन ला ओरिया' (काठावर, 2013) मधील वृद्ध सुतार एस्तेबान याची कार्यशाळा बंद पडते, कामगार रस्त्यावर येतात. तथापि तो निव्वळ बळी नाही. नफ्याच्या आशेने त्यानेही आपली पुंजी एका बांधकाम व्यावसायिकाच्या हाती सोपविलेली असते. लोभ फक्त धनदांडग्यांच्या घरी नांदतो, असे मानून सुटण्याची सोय चिर्बेस ठेवीत नाहीत.

श्रमाचे मोल निर्माण होणाऱ्या वस्तूवरून नव्हे, तर श्रमणाऱ्या माणसावरून ठरते, अशी शिकवण पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1981 च्या आपल्या परिपत्रकात दिली. मग काम गेले म्हणून माणसाचे मोल जात नाही, हे ओघानेच आले. पण रिकाम्या हातांच्या माणसाला हे नुसते ऐकवणे सोपे असते.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील धनी दिवस कलत असताना पुन्हा बाजारात जातो आणि उभ्या असलेल्यांना विचारतो, तुम्ही रिकामे का? मग काम देतो आणि पूर्ण मजुरीही देतो. आम्ही बहुधा मजुरीच्या औदार्यावरच प्रवचन करतो. त्याआधीची ती विचारपूस निसटून जाते. या कादंबऱ्यांतील शहरांत नेमका तोच विचारणारा नाही. तेथील माणसांची खरी दैना आम्हांस येथे दिसते. विचारपूस न करता दिलेले दान माणसाला खाली पाहायला लावते, आणि दामाविना केलेली विचारपूस पोकळ ठरते. ख्रिस्ताच्या अनुयायांना दोहोंपैकी एक निवडण्याची मुभा नाही.